तांबे, प्लग आणि पावती

हाय-एंड ऑडिओमधली वापरलेली वस्तू विकायला काढली की बहुतेक वेळा ती स्वतःच स्वतःची साक्ष देते. अँप्लिफायर चालू करून दाखवता येतो. स्पीकरचा कोन फाटला आहे की शाबूत आहे ते डोळ्यांना दिसते. टर्नटेबलच्या सुईची झीज भिंगाखाली तपासता येते. पॉवर केबलचे तसे होत नाही. ती लावली की यंत्र सुरू होते, आणि संगणकासोबत मिळालेली साधी केबल लावली तरी तेच यंत्र तितक्याच तत्परतेने सुरू होते. तरीही कॅलिफोर्नियातली ऑडिओक्वेस्ट, मॅसॅच्युसेट्समधली नॉर्डॉस्ट, नेदरलँड्समधली सिल्टेक, जपानमधली फुरुटेक अशा कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतल्या दीड-दोन मीटर पॉवर केबलची किंमत हजारो डॉलरच्या घरात असते. आणि नवा अँप्लिफायर आला, घर बदलले, छंद आवरता घेतला की या केबल्स दुसऱ्या मालकाच्या शोधात बाजारात येतात. मुंबई-पुण्यातही येतात.

अशी केबल विकणाऱ्याने नेमके काय विकावे, याबद्दल माझे मत ठाम आहे. आवाजाचे वर्णन विकू नये, केबल विकावी. तिचे तांबे, तिचे प्लग, तिची लांबी, तिची अस्सलता आणि ती २३० व्होल्टला सुरक्षित आहे याची खात्री. उरलेला निर्णय घेणाऱ्याच्या कानांवर सोडावा. असे का म्हणतो ते समजण्यासाठी आधी ही केबल करते काय, ते पाहावे लागेल.

जुन्या रेडिओला आणि रेकॉर्ड प्लेअरला विजेची वायर कायमची जोडलेली असे. ती बदलायची तर यंत्र उघडून डाग द्यावा लागे. पुढे यंत्राच्या पाठीवर तीन पिनांचा खाचा आला आणि केबल सुटी झाली. आज हे खाचे आणि त्यात बसणारी तोंडे आयईसी ६०३२० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनतात. संगणकाला, प्रिंटरला, बहुतेक अँप्लिफायरला लागते ते तोंड सी-१३, क्षमता १० अँपिअर. मोठ्या पॉवर अँप्लिफायरला लागणारे रुंद तोंड सी-१९, क्षमता १६ अँपिअर. ही सुटी केबल नसती तर महाग केबलचा धंदा उभाच राहिला नसता, कारण कोणत्याही कंपनीची केबल कोणत्याही यंत्राला लावता येते ही सोय या खाच्याने दिली. या धंद्याची सुरुवात मात्र स्पीकरच्या वायरपासून झाली. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत काम केलेल्या नोएल ली या इंजिनिअरने १९७९मध्ये मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली आणि स्पीकरची जाड वायर ही स्वतंत्र, नाव असलेली, किंमत सांगण्याजोगी वस्तू केली. पॉवर केबलची पाळी त्यानंतर आली.

आता आतल्या मालाकडे. जाड म्हणावी अशी ऑडिओ केबल बहुधा १२ एडब्ल्यूजी मापाची असते, म्हणजे प्रत्येक तारेचा छेद सुमारे ३.३ चौरस मिलिमीटर. दोन मीटर केबलमध्ये फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन तारा धरल्या तर तांबे भरते पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. भंगाराच्या भावाने त्याचे थोडेच पैसे येतात. सोन्याचा दागिना मोडताना सोन्याचा भाव येतो आणि घडणावळ जाते, हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असते. केबलमध्ये जवळपास सगळीच घडणावळ आहे. विणलेले आवरण, धातूची जाळी, सोन्याचा किंवा ऱ्होडियमचा मुलामा दिलेले प्लग, लाकडी पेटी, संशोधनाचा खर्च, वितरकाचा हिस्सा आणि नाव. दुसऱ्या विक्रीत यातले किती परत येईल, ते बव्हंशी नावावर आणि त्या नावाच्या पुराव्यावर ठरते.

तांब्याच्या शुद्धतेबद्दल जाहिरातीत पुष्कळ लिहिलेले असते, म्हणून विकणाऱ्याने त्याचा अर्थ समजून घेतलेला बरा. ऑक्सिजनमुक्त तांबे ९९.९९ टक्के शुद्ध असते आणि विजेच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या तांब्यापेक्षा त्याची वाहकता साधारण एक टक्क्याने जास्त भरते. चांदीची वाहकता तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी अधिक. म्हणजे चांदीच्या तारेने जे मिळते ते तांब्याची तार किंचित जाड केली तरी मिळते. ओसीसी, म्हणजे ‘ओनो कंटिन्युअस कास्टिंग’, हे तिसरे नाव आढळते. जपानच्या चिबा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले प्राध्यापक अत्सुमी ओनो यांनी धातू ओतण्याची एक पद्धत शोधली. तिच्यात साचा गरम ठेवतात, त्यामुळे धातू साच्याच्या भिंतीपासून गोठत नाही आणि त्याचे स्फटिक खूप लांब वाढतात. धातुशास्त्रातले हे खरोखर सुंदर काम आहे. पण ५० हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी त्याचा उपयोग किती, हा प्रश्न वेगळा. तारेच्या पृष्ठभागावरूनच वीज वाहते म्हणून तारांची खास रचना केली आहे, असाही एक दावा असतो. तो परिणाम उच्च वारंवारतेला खरा आहे. ५० हर्ट्झला तांब्यात वीज नऊ मिलिमीटरच्या पुढे खोल जाते आणि आपली तार दोन मिलिमीटर जाडीची. ती सगळी भरून वाहते.

जाडीचे गणितही करून पाहू. समजा, अँप्लिफायर २०० वॅट ओढतो आहे. २३० व्होल्टला हा प्रवाह सुमारे ०.८७ अँपिअर. यंत्रासोबत आलेल्या एक चौरस मिलिमीटरच्या दोन मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन व्होल्टेज घटते ६० मिलिव्होल्टने. जाड १२ एडब्ल्यूजी केबलमध्ये १८ मिलिव्होल्टने. फरक ४२ मिलिव्होल्टचा, म्हणजे २३० व्होल्टच्या पाच हजाराव्या हिश्श्याहून कमी. त्याच वेळी घरातल्या एमसीबीपासून सॉकेटपर्यंत भिंतीत गेलेली पंधरा मीटरची अडीच चौरस मिलिमीटर वायर १८० मिलिव्होल्ट खाते, आणि शेजारच्या खोलीत फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की व्होल्टेज याच्या कितीतरी पट हलते. अँप्लिफायर वीज सलग ओढत नाही, लहरीच्या शिखरावर सेकंदाला शंभर वेळा झटक्याने ओढतो, त्यामुळे क्षणिक घट मी दिली त्याहून मोठी असते. तरी ती व्होल्टच्या अंशातच राहते. आणि ही सगळी वीज ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठ्या कपॅसिटरमधून गेल्यावरच संगीताच्या कामाला लागते. बाहेरच्या चढउतारांना तोंड देण्यासाठीच तो सगळा भाग बांधलेला असतो.

याचा अर्थ पॉवर केबलचा कधीच काही फरक पडत नाही, असा नाही. तीन ठिकाणी पडतो आणि तिन्ही समजण्याजोगी आहेत.

पहिले ठिकाण अर्थिंगच्या तारेचे. दोन यंत्रे संकेत नेणाऱ्या आरसीए केबलने जोडलेली असतात, दोन्हींचे अर्थ भिंतीत एकत्र आलेले असतात आणि त्या वर्तुळातून बारीकसा प्रवाह फिरत राहतो. स्पीकरमधून येणारी ‘घूं’ बहुतेकदा या अर्थ लूपची असते. अर्थची तार जाड असेल तर दोन यंत्रांच्या अर्थमधला फरक कमी होतो आणि काही घरांत ही ‘घूं’ थोडी खाली जाते. तानपुऱ्याच्या जोडीने सुरू होणारा संथ आलाप ऐकणाऱ्याला हे लगेच जाणवेल, कारण तिथे सुरांमधली शांतताही ऐकायची असते आणि ५०-१०० हर्ट्झची भर त्या शांततेत लपत नाही. दुसरे ठिकाण पकडीचे. सैल प्लग ठिणग्या पाडतो, करकर आणतो, गरम होतो. घट्ट, भरीव पिनांचा प्लग ही तक्रार संपवतो. तिसरे ठिकाण टर्नटेबलच्या मागे. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजमधून येणारा संकेत बहुधा मिलिव्होल्टच्या अर्ध्याहूनही कमी असतो. त्याच्या वायरला चिकटून उघडी पॉवर केबल गेली तर घरघर शिरते. जाळीचे आवरण असलेली केबल तिथे उपयोगी पडते. दोन्ही वायरींमध्ये हातभर अंतर ठेवले आणि त्या काटकोनात ओलांडल्या तरी बहुधा तेच साधते. विकणाऱ्याने जाहिरातीत ‘शिल्डेड’ लिहावे, ‘अर्थसह तिन्ही तारा १२ एडब्ल्यूजी’ लिहावे. ही माहिती खरी आहे आणि तपासता येते.

‘बास घट्ट होतो’, ‘गायकाच्या मागचा पडदा काळाभोर होतो’, ‘वाद्ये सुटी सुटी ऐकू येतात’ ही वाक्ये मात्र गाळावीत. अशी वाक्ये लिहिणारे खोटे बोलत नाहीत, त्यांनी तसे ऐकलेले असते. पण डोळ्यांना केबल दिसत असताना ऐकणे आणि न दिसता ऐकणे यांत मोठे अंतर आहे. २००४मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ऑडिओप्रेमींच्या एका संघटनेच्या सभासदांनी नॉर्डॉस्टच्या वल्हाल्ला पॉवर केबल्स आणि साध्या केबल्स, कोणती लावली आहे हे न सांगता, ऐकून ओळखण्याची चाचणी दिली. १४९ उत्तरांपैकी ७३ बरोबर निघाली, म्हणजे ४९ टक्के. नाणे उडवूनही एवढीच आली असती. भाग घेणारे लोक छंदाचे विरोधक नव्हते, जाणते ऐकणारे होते, म्हणून मला ही चाचणी महत्त्वाची वाटते. २००७मध्ये जादूगार आणि अतिरंजित दाव्यांचे टीकाकार जेम्स रँडी यांनी पेअर कंपनीच्या ७,२५० डॉलरच्या आंजू स्पीकर केबलचा फरक न पाहता ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलर देण्याचे आव्हान दिले होते. पुष्कळ चर्चा झाली, चाचणी झालीच नाही.

जाहिरातीत आणखी एक गोष्ट गुण म्हणून येते. केबल शेकडो तास चालवलेली आहे, ‘बर्न-इन’ झालेली आहे. तांब्याच्या तारेत घरगुती वीज काही आठवडे वाहिल्याने आवाजात मोजून दाखवता येईल असा बदल होतो, याला पुरावा नाही. केबल जुनी आहे याचे ते गोड नाव आहे. त्याऐवजी किती वर्षे वापरली, कोणत्या यंत्राला लावली आणि किती वेळा काढघाल केली, ते लिहावे. वारंवार काढघाल झालेल्या तोंडाची आतली पाती सैलावतात आणि घेणाऱ्याला त्याचे घेणेदेणे जास्त असते.

आता प्लगकडे. या साऱ्या व्यवहारात मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते, कारण इथली चूक आवाजावर नाही, जिवावर बेतते.

आपल्याकडे घरगुती प्लगचे मानक आयएस १२९३. गोल पिनांचा ६ अँपिअरचा छोटा प्लग आणि १६ अँपिअरचा मोठा. परदेशातून येणाऱ्या केबलच्या टोकाला मात्र यांपैकी काहीच नसते. अमेरिकी केबलला दोन चपट्या पात्यांचा आणि एका अर्थ पिनेचा प्लग असतो आणि त्यावर स्पष्ट छापलेले असते, १२५ व्होल्ट. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्ट आणि जपानमध्ये १०० व्होल्ट असल्याने तिथे हे पुरेसे आहे. पुण्याच्या तापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ऐंशी रुपयांचा ॲडॉप्टर आणून तीच केबल आपल्या २३० व्होल्टला लावणे म्हणजे प्लगला त्याच्या क्षमतेच्या जवळपास दुप्पट व्होल्टेज देणे. वर जाड केबलच्या वजनाने ॲडॉप्टर सॉकेटमधून ओघळत येतो तो वेगळाच. युरोपातला शुको प्लग १६ अँपिअर, २५० व्होल्टचा, त्यामुळे क्षमतेचा प्रश्न नाही. पण तो दोन्ही बाजूंनी बसतो, म्हणजे फेज कुठल्या पिनेत आली ते तो घालणाऱ्याच्या हातावर अवलंबून. ब्रिटनच्या चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये स्वतःचा फ्यूज असतो, आणि प्लग बदलून भारतीय लावला की तो फ्यूज जातो. सी-१३ तोंड १० अँपिअरचे आहे आणि १६ अँपिअरच्या सॉकेटमागचा एमसीबी १६ किंवा २० अँपिअरचा असतो. अशा वेळी यंत्राच्या आतला फ्यूज मूळ क्षमतेचाच आहे ना, याला फार महत्त्व येते.

प्लग बदलतानाच सर्वांत वाईट घोटाळा होतो. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल वायर फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थची. अमेरिकेत काळी वायर फेजची, पांढरी न्यूट्रलची, हिरवी अर्थची. वायरमनच्या हातात अमेरिकी केबल दिली की आयुष्यभराच्या सवयीने तो काळी न्यूट्रलला बांधतो. अँप्लिफायर सुरू होतो, गाणे वाजते, सगळे खूश. पण आता यंत्रातला फ्यूज आणि अनेक यंत्रांतला एकपदरी स्विच न्यूट्रलच्या वाटेवर गेलेला असतो. स्विच बंद केला, फ्यूज उडाला, तरी आतल्या भागात फेज जिवंत राहते. कोणी दुरुस्तीला झाकण उघडले तर त्याच्या हाताशी २३० व्होल्ट असतात. युरोपीय आणि नव्या भारतीय केबलमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ असते. काही ऑडिओ कंपन्या तर तिन्ही तारांना स्वतःचेच रंग देतात. म्हणून रंगावर विश्वास ठेवूच नये. मीटर लावावा.

तपासणी अवघड नाही. केबल भिंतीतून आणि यंत्रातून पूर्ण काढावी. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून प्लगवरच्या एल खुणेची पिन आणि तोंडाच्या एल खुणेचे छिद्र जोडलेले आहे का ते पाहावे, मग एन ते एन, मग अर्थ ते अर्थ. प्रत्येक वेळी केबल दोन्ही टोकांशी हळूच वाकवून हलवावी. बीप तुटता कामा नये. तुटली तर आतली जोडणी सुटलेली आहे. मग एल-एन, एल-अर्थ, एन-अर्थ अशा आडव्या जोड्या पाहाव्यात. तिथे बीप अजिबात यायला नको. जाणत्या इलेक्ट्रिशियनकडे मेगर असेल तर ५०० व्होल्टला इन्सुलेशनही तपासून मिळते. मात्र काही केबल्सवर मधोमध एक डबी असते, तिच्यात फिल्टरचे भाग असतात, आणि त्यांना मेगरच्या व्होल्टेजने इजा होऊ शकते. अशी केबल मेगरला लावू नये. आणि घूं जावी म्हणून कोणी अर्थ पिन कापली असेल किंवा आतून अर्थची तार सोडवली असेल, तर ती दुरुस्त केल्याशिवाय केबल कोणाच्याही घरात जाता कामा नये. तो घूंवरचा उपाय नाही. यंत्राच्या धातूच्या पेटीत फेज उतरली तर तिला जायला वाट राहत नाही, ती हात लावणाऱ्या माणसातून जाते.

प्लग बदललेला असेल तर ते जाहिरातीत पहिल्या दोन ओळींत सांगावे. कोणी बदलला, कोणत्या कंपनीचा लावला, मूळ प्लग जपून ठेवला आहे का. अनेक घेणारे मूळ प्लगसह असलेल्या केबलला जास्त पैसे देतात, कारण कारखान्यातले दाबून केलेले जोड त्यांना हवे असतात आणि कापलेल्या केबलची कंपनी हमी देत नाही. हमीबद्दल तसेही घेणाऱ्याला अंधारात ठेवू नये. बऱ्याच कंपन्यांची हमी फक्त पहिल्या मालकापुरती असते. उलट अमेरिकेतल्या मेन राज्यातली ट्रान्सपरंट ही कंपनी जुनी केबल देऊन वरच्या श्रेणीतली घेण्याची योजना चालवते. ज्याच्याकडे अशा कंपनीची केबल असेल त्याने बाजारात उतरण्याआधी ती योजना आपल्या वितरकाकडे लागू होते का, ते विचारून घ्यावे.

यानंतर अस्सलतेचा प्रश्न. ज्या वस्तूची किंमत नावात असते तिची नक्कल होतेच, आणि नॉर्डॉस्टसारख्या कंपन्यांनी आपल्या केबल्सच्या नकलांबद्दल उघड इशारे दिलेले आहेत. नकली केबल बाहेरून फसवते. आवरणाचा रंग, छापील नाव, पेटीसुद्धा जुळते. फरक दिसतो तो बारकाव्यात. अक्षरांची जाडी, टोकाशी आवळलेल्या नळीची कड, प्लगच्या प्लास्टिकवर उठवलेल्या मानकांच्या खुणा, केबलचे वजन. नकलेत अर्थची तार बारीक असू शकते, आतला धातू तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमही असू शकतो. ॲल्युमिनियमची घनता तांब्याच्या एक-तृतीयांशाहून कमी, म्हणून तराजू इथे चांगला साक्षीदार ठरतो. ज्याला स्वतःलाच खात्री नाही त्याने अनुक्रमांक आणि फोटो कंपनीला किंवा तिच्या अधिकृत वितरकाला पाठवून विचारावे आणि आलेले उत्तर घेणाऱ्याला दाखवावे.

पुरावा म्हणून सर्वांत वजनदार कागद म्हणजे मूळ पावती. तिच्यावर वितरकाचे नाव, तारीख, मॉडेल आणि लांबी असते. फोटो काढताना स्वतःचे नाव-पत्ता झाका, वितरकाचे नाव आणि तारीख दिसू द्या. अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडेही झाका. उघड छापलेला अस्सल अनुक्रमांक नकला करणारे उचलतात आणि मग तोच आकडा कित्येक बनावट केबल्सवर झळकतो. समोर बसून पाहणाऱ्याला पूर्ण आकडा दाखवायला हरकत नाही. बाकीचे फोटो दिवसाच्या उजेडात घ्यावेत. दोन्ही तोंडे समोरून, पिना जवळून, आवरणावर खरचटलेली जागा असेल तर ती मुद्दाम मोठी करून. व्रण आधीच दाखवलेला असला की घरी आलेला माणूस त्यावरून भाव पाडत नाही.

भावाबद्दल. माझ्या पाहण्यात चांगल्या नावाच्या, पावती आणि पेटीसह असलेल्या केबलची बोलणी नव्याच्या निम्म्याच्या आसपास सुरू होतात आणि बऱ्याचदा तिथून खालीच जातात. भारतात नवी घेताना दिलेल्या किमतीत सीमाशुल्क आणि जीएसटी मिसळलेला असतो, तो दुसरा घेणारा मोजत नाही. तो परदेशातले वापरलेल्या केबलचे भाव पाहून आलेला असतो. मॉडेलची नवी आवृत्ती निघाली की जुनीचा भाव घसरतो. लांबीलाही महत्त्व आहे. एक मीटरची केबल रॅकच्या मागून सॉकेटपर्यंत पोहोचत नाही म्हणून रेंगाळते, दीड ते दोन मीटरची पटकन जाते. सी-१९ तोंडाची केबल मोजक्याच अँप्लिफायरना लागते, तिचा ग्राहक शोधायला धीर लागतो. ‘लास्ट काय द्याल?’ हा प्रश्न पहिल्या निरोपातच येतो. त्यावर चिडू नये. आकडा मनाशी ठरलेला असावा आणि तो का आहे हे सांगता यावे.

शक्य असेल तर घेणाऱ्याला घरी बोलवावे, त्याच्या ओळखीची रेकॉर्ड आणि त्याची स्वतःची साधी केबलही आणायला सांगावी. दोन्ही ऐकू द्याव्यात आणि आपण गप्प बसावे. त्याला फरक ऐकू आला तर तो त्याचा आनंद आहे, नाही आला तर तो त्याचे पैसे वाचवून समाधानाने जाईल आणि तुमच्याबद्दल चांगले बोलेल. केबल दुसऱ्या गावी जाणार असेल तर आठवडाभराची परतीची मुदत द्यावी, केबल जशी गेली तशी परत आली तर पूर्ण पैसे, असे लेखी ठरवून. पैसे आधी, माल नंतर, ही पद्धत चालते, पण ती फोनवर बोलून ओळख पटल्यावरच. ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका’ असे कोणी म्हणाले की संभाषण तिथेच थांबवावे. यूपीआयमध्ये पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, पिन टाकली की पैसे जातात. लष्करी अधिकारी असल्याचे सांगून, न पाहताच पूर्ण किंमत मान्य करणारे भामटे वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात वर्षानुवर्षे हेच करत आले आहेत. पाठवताना केबल सैल वेटोळ्यात ठेवावी, घट्ट दुमडू नये, दोन्ही तोंडांना फोम बांधावा आणि विमा उतरवावा.

एक वर्ग या व्यवहारात फार एकटा पडतो, तो म्हणजे वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या मागे राहिलेला संच विकणारी माणसे. घरात अँप्लिफायर आहे, स्पीकर आहेत, रेकॉर्ड्स आहेत आणि मागे जाडजूड, नाव कोरलेल्या केबल्स आहेत. स्पीकर घ्यायला आलेला माणूस ‘वायरी तशाच देऊन टाका’ म्हणतो, आणि कधी कधी त्या वायरींची किंमत स्पीकरहून जास्त असते. अशा घरांना माझी विनंती आहे. काहीही देण्याआधी प्रत्येक केबलचे दोन्ही टोकांचे फोटो काढा, कोणती कशाला लावली होती ते चिठ्ठी बांधून नोंदवा, आणि जुन्या पावत्या, पेट्या, माहितीपत्रके एका खोक्यात गोळा करा. केबलचा रिकामा डबा रद्दीत गेला की तिच्या किमतीचा मोठा हिस्सा त्याच्याबरोबर जातो. मग संचाशी संबंध नसलेल्या दोन जाणकारांना वेगवेगळे विचारा.

तपासणीत जी केबल नापास झाली, जिची अर्थची तार तुटली आहे, तोंड जळून काळे पडले आहे, किंवा जी नकली निघाली आहे, ती स्वस्तातही विकू नये आणि भंगारवाल्यालाही अखंड देऊ नये. भंगारातून ती पुन्हा कोणाच्या तरी घरी सॉकेटला लागते. दोन्ही टोके कापून प्लग वेगळा करावा, तोंडाची पाती पक्कडीने चेपून टाकावीत, आणि मग तांबे वजनावर द्यावे.